टेबल कोणाच्या घरात आहे?

‘पूलमध्ये कुठे ताकद लागते? काठीने बॉल ढकलायचा आणि पॉकेटमध्ये घालायचा. मग बायकांची वेगळी स्पर्धा कशाला?’ हा प्रश्न दोन प्रकारची माणसं विचारतात. काहींना मनापासून वाटतं की बाईला बाजूच्या खोलीत बसवू नये, सगळ्यांबरोबर खेळू द्यावं. दुसऱ्यांना मात्र वेगळंच सुचवायचं असतं. ताकद लागत नसतानाही बायका वरच्या क्रमांकांत दिसत नाहीत, म्हणजे त्यांच्या डोक्यातच काही कमी असणार, असा त्यांचा हिशोब असतो. शब्द तेच, हेतू उलटा. म्हणून या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं झटकन उत्तर देण्याआधी थोडं थांबायला हवं.

माझं मत आधीच सांगून टाकते. व्यावसायिक पूल आणि स्नूकरच्या खुल्या स्पर्धा बायकांना पूर्ण खुल्या असायला हव्यात. बायकांच्या वेगळ्या स्पर्धाही राहायला हव्यात. आणि या दोन्हींपेक्षा महत्त्वाचा प्रश्न, ज्याबद्दल वाद घालताना कोणी बोलत नाही, तो असा की मुलीला टेबल मिळतं कुठे?

आधी ताकदीचं पाहू, कारण विरोधकांचा सगळ्यात दमदार मुद्दा तोच आहे. नाइन-बॉलमध्ये पहिला फटका, म्हणजे ब्रेक, जोरदार बसला तर बॉल चांगले पसरतात, एखाददुसरा पॉकेटमध्येही जातो आणि पुढचा डाव सोपा होतो. उंच माणसाचा हात टेबलावर लांब पोहोचतो. मोठ्या पंजाचा ब्रिज, म्हणजे काठी टेकवण्यासाठी हाताने केलेला आधार, अडचणीच्या जागीही नीट बसतो. 2025 साली इंग्लंडमधल्या एका काउंटी न्यायालयाने, पूलमध्ये पुरुषांना शारीरिक फायदा असतो, हे मान्य केलं. तो खटला मुळात एका ट्रान्स महिलेला महिला गटात खेळू द्यावं की नाही याबद्दल होता. तो वेगळा आणि नाजूक विषय आहे, त्यावर घाईत दोन ओळी लिहिणं मला बरं वाटत नाही. पण ताकदीचा मुद्दा न्यायालयाने ऐकून घेतला आणि मान्य केला, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

आता दुसरी बाजू. 2005 साली नाइन-बॉलचा जगज्जेता झाला तैवानचा वू चिया-चिंग. वय वर्षं 16. जोराच्या ब्रेकवरच सगळं ठरत असतं, तर मिसरूड न फुटलेला पोरगा तगड्या पुरुषांना कसा हरवून गेला असता? फिलिपाइन्सचे एफ्रेन रेयेस आठवा. या खेळातल्या सर्वकालीन श्रेष्ठांत त्यांचं नाव घेतलं जातं. यूट्यूबवर त्यांचे सामने पाहा, गल्लीच्या कोपऱ्यावर बसलेले कुणी साधे चाचा वाटतील. म्हणजे ताकदीचा फायदा आहे, पण तो किती, हे खेळाच्या प्रकारावर ठरतं.

प्रकार बदलला की चित्र कसं बदलतं हे पाहण्यासारखं आहे. पूलचा ‘स्ट्रेट पूल’ नावाचा जुना प्रकार आहे. त्यात पहिला फटका दणकून मारायचा नसतो, उलट समोरच्याला काही मिळू नये म्हणून जपून मारायचा असतो. मग एकेक बॉल आधी सांगून पॉकेटमध्ये घालायचा, प्रत्येकाचा एक गुण, चौदा बॉल संपले की ते पुन्हा रचायचे आणि उरलेल्या पंधराव्यापासून डाव पुढे न्यायचा. इथे डोकं चालतं, संयम चालतो, मनगट चालतं. 2008 च्या जागतिक स्ट्रेट पूल स्पर्धेत ऑस्ट्रियाची यास्मिन औशान पुरुषांच्या घोळक्यात खेळली आणि तिसरी आली. कॅरम बिलियर्ड्समध्ये तर टेबलाला पॉकेटच नसतात, ब्रेकने बॉल पसरवायचा प्रश्नच येत नाही. 1952 साली सॅन फ्रान्सिस्कोत थ्री-कुशन बिलियर्ड्सच्या जागतिक विजेतेपदासाठी दहा जण खेळले. त्यांतली एक होती जपानची मासाको कात्सुरा. जागतिक विजेतेपदासाठी बिलियर्ड्स खेळणारी ती पहिली बाई. विली हॉपी जिंकला, कात्सुरा सातवी आली. सातवी म्हणजे काय विशेष, असं वाटेल. पण तिच्या मागे जगातले तीन निवडक पुरुष होते, आणि दोन वर्षांनी ब्यूनोस आयर्समध्ये ती आणखी वर, चौथ्या जागेपर्यंत गेली.

आता मी ज्या गोष्टीपाशी येतेय ती या बायकांच्या चरित्रांत उघड्यावर पडलेली आहे, फक्त तिकडे कोणी बघत नाही.

मासाको कात्सुराच्या मेहुण्याचं टोकियोत बिलियर्ड्स पार्लर होतं. किशोरवयात ती तिथे कामाला होती आणि तिथेच शिकली. 1930 च्या दशकात अमेरिकेत गावोगावी पुरुषांशी प्रदर्शनीय सामने खेळणारी रूथ मॅकगिनिस ही पेनसिल्व्हेनियातल्या होन्सडेल गावच्या न्हाव्याची मुलगी. वडिलांच्या दुकानात पूलची टेबलं होती, लहानपणापासून ती तिथे खेळायची. ब्रुकलिनची जीन बलुकास 1969 साली नऊ वर्षांची असताना अमेरिकन ओपनमध्ये उतरली आणि पुढे 1972 पासून ओळीने सात वर्षं तिने ते जिंकलं. तिच्या वडिलांची पूल रूममध्ये भागीदारी होती. पुढे ती पुरुषांच्या स्पर्धांतही उतरली. यास्मिन औशानचे आईवडीलही बिलियर्ड्सच्याच धंद्यातले. तिचा भाऊ अल्बिन 2016 आणि 2021 मध्ये नाइन-बॉलचा जगज्जेता झाला. एकाच घरातली बहीण आणि भाऊ, लहानपणापासून तीच टेबलं, तेच शिकवणारे. दोघंही जगात गाजले.

या चौघींमध्ये देश वेगळे, काळ वेगळा, खेळाचा प्रकारही वेगळा. सारखी गोष्ट एकच. टेबल घरातलं होतं, किंवा घरच्या माणसाच्या ताब्यातल्या खोलीत होतं. तिथे शिरायला त्यांना कोणाची परवानगी काढावी लागली नाही. शिरल्यावर ‘ही इथे काय करतेय’ असं कोणी विचारलं नाही, कारण ती मालकाची लेक होती. भाडं भरावं लागलं नाही. रात्री उशीर झाला तरी बाप तिथेच होता.

बाकीच्या मुलींचं काय? ज्यांच्या अब्बूंचं पार्लर नाही?

हा खेळ मुळात पुरुषांच्या खोलीतच जन्मला आहे. स्नूकर तर आपल्याकडचाच. 1875 साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी फावल्या वेळात तो जुळवला, असं सांगितलं जातं. साहेबांच्या क्लबात बिलियर्ड्सची खोली म्हणजे पुरुषांनी सिगार ओढायची खोली. साहेब गेला, जिमखाने राहिले, मग शहरांत पार्लर आली, आणि आज आपल्या मोहल्ल्यांतही पायऱ्या चढून गेलं की काचेचं दार, आत हिरवी टेबलं, धूर आणि मोठ्याने गाणी. मुंबईचे यासिन मर्चंट 1989 आणि 2001 मध्ये आशियाई स्नूकर विजेते झाले. आपल्या पोरांना हा खेळ परका नाही. तासावर टेबल घ्यायचं, हरेल त्याने भाडं भरायचं, ही रीत तुम्हाला माहीत असेलच. (हे जुगारात मोडतं की नाही यावर मोहल्ल्यात होणाऱ्या चर्चा मी ऐकल्या आहेत. त्यात शिरत नाही. पैसे लावून खेळणं वाईटच, पण त्याचा दोष काठीला आणि बॉलला का द्यायचा?) या रीतीचा एक परिणाम मात्र पाहा. नवं शिकणारा रोज हरतो, म्हणून रोज भाडं तोच भरतो. मुलगा ते पैसे इकडून तिकडून काढतो. मुलीच्या हातात मुळात पैसे किती असतात, आणि तिने ते कशावर घालवले याचा हिशोब घरात कोण कोण मागतं?

आता याच्या शेजारी कॅरम ठेवून बघा. 2024 साली अमेरिकेत झालेल्या कॅरम विश्वचषकात तीन सुवर्णपदकं जिंकली चेन्नईच्या एम. काझिमाने. वय 17, वडील रिक्षा चालवतात. कॅरममध्ये आपल्या समाजातल्या मुली चमकतात आणि पूलमध्ये दिसत नाहीत, यामागे काही मोठं रहस्य नाही. कॅरमचा बोर्ड दहा बाय बाराच्या खोलीत कपाटामागे उभा राहतो. जेवणं झाली की काढायचा, पावडर टाकायची, अम्मी, भाऊ, खालाची मुलं सगळी बसतात. स्नूकरचं टेबल बारा फूट लांब आणि सहा फूट रुंद. पूलचं नऊ बाय साडेचार. त्याच्या चारी बाजूंनी काठी फिरवायला जागा लागते ती वेगळी. ते घरात मावत नाही, म्हणून खेळायला घराबाहेर पडावं लागतं, आणि मुलगी घराबाहेर पडली की पुढचे सगळे प्रश्न सुरू होतात. नेम, कोन, टिचकी किंवा फटक्याचा जोर, डोक्यातलं गणित, हे दोन्ही खेळांत जवळजवळ तेच आहे. मुलींच्या बोटांत आणि डोक्यात काही कमी असतं, तर ते कॅरममध्येही दिसलं असतं.

कोणी म्हणेल, दार उघडं असून बायका जिंकत नाहीत, मग दाराचा काय दोष? स्नूकरच्या व्यावसायिक टूरवर बायकांना नियमाने बंदी नाही, हे खरं आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीलाच ती वाट मोकळी झाली होती. 2021 पासून बायकांच्या टूरमधून व्यावसायिक टूरवर जागाही मिळू लागल्या. तरी 2025 पर्यंत शेफील्डच्या क्रुसिबल थिएटरमध्ये, जागतिक स्पर्धेच्या मुख्य फेरीत, एकही बाई खेळलेली नाही. रिअन इव्हान्सचं उदाहरण नेहमी दिलं जातं. बायकांची बारा वेळा जगज्जेती, त्यांतल्या दहा वेळा तर सलग. 2010-11 च्या हंगामात तिला पुरुषांच्या टूरवर खास जागा दिली गेली. तिथे ती अठराच्या अठरा सामने हरली. लोकांनी लगेच निकाल लावला, बघा, सांगत होतो ना.

पण बायकांमध्ये दहा वर्षं कोणी हरवू शकत नाही याचा एक अर्थ असाही होतो की दहा वर्षं तिला तोडीचं कोणी मिळालंच नाही. रोज चांगल्याशी खेळून जे अंगात भिनतं ते एका हंगामात कुठून येणार? आणि पुढचं सांगायला हे लोक विसरतात. 2013 साली वूशी क्लासिकच्या पात्रता फेरीत हीच रिअन थायलंडच्या थेपचैया उन-नूह या व्यावसायिक खेळाडूला हरवून गेली. रँकिंग स्पर्धेच्या मुख्य फेरीत पोहोचणारी ती पहिली बाई. त्या अठरा हारांत ती काही शिकलीच नसेल, असं मला तरी वाटत नाही.

इथे काही उत्साही मित्र म्हणतात, मग बायकांची स्पर्धाच बंद करा, सगळ्यांना एकत्र खेळवा, आपोआप दर्जा वाढेल. या मताशी मी सहमत नाही. इंग्लंडची अ‍ॅलिसन फिशर सात वेळा बायकांची स्नूकर जगज्जेती होती. पुरुषांच्या टूरवर खेळून पाहिलं, पोट भरेना. 1995 मध्ये ती अमेरिकेला गेली आणि तिथल्या बायकांच्या पूल टूरवर उतरली. ही टूर खेळाडू बायकांनीच 1976 मध्ये उभ्या केलेल्या संघटनेची. तिथे तिने पन्नासच्या वर विजेतेपदं मिळवली आणि याच खेळावर आयुष्य उभं केलं. ती टूर नसती तर काय झालं असतं? क्रुसिबलला विजेत्या पुरुषाला पाच लाख पौंड मिळतात आणि पात्रता फेरीत बाहेर पडणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. बायकांच्या स्पर्धा आज बंद केल्या, तर उद्या सकाळी बहुतेक खेळाडू बायका दुसरी नोकरी शोधतील आणि पुढच्या मुलीला बघायला समोर कोणीच उरणार नाही.

नेमबाजीत हे एकदा वेगळ्या रीतीने घडलेलं आहे. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट नेमबाजी स्त्री-पुरुषांना एकत्र होती. सुवर्ण जिंकलं चीनच्या झांग शानने, सगळ्या पुरुषांना मागे टाकून. पुढच्या, 1996 च्या ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी ठेवली गेली आणि बायकांसाठी वेगळी स्पर्धा नव्हतीच. विजेतीला तिचं पदक राखायला मैदानच उरलं नाही. बायकांचं स्कीट आलं 2000 साली. फक्त एकत्र स्पर्धा असेल आणि तिचं दार कोणी बंद केलं, तर बाई रस्त्यावर येते. दोन दारं असलेली बरी.

आपल्या वाचकांपैकी काही मुलींच्या बाबतीत दुसऱ्या दाराला आणखी एक कारण आहे, आणि ते मोकळेपणाने बोलायला हवं. काही जणींना परपुरुषांबरोबर एका टेबलावर खेळायचं नाही. हे त्यांचं मत आहे, कोणी लादलेलं असेलच असं नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्या आपण त्यांना ‘आधी विचार बदल, मग खेळ’ असं सांगायचं का? मला ते मान्य नाही. तिच्यासाठी बायकांची स्पर्धा हवी, आणि ती चांगली हवी. खराब टेबल, उरलेली वेळ, ट्रॉफीऐवजी प्रमाणपत्र असली नको. पण तिची निवड ही तिच्या शेजारणीसाठी कायदा होऊ शकत नाही. शेजारणीला खुल्या स्पर्धेत नाव द्यायचं असेल, तर ‘बायकांची आहे ना, तिकडे जा’ हे वाक्य आयोजकाच्या तोंडून निघता कामा नये. वेगळी सोय ही सोय असते तोपर्यंतच ठीक. त्याच सोयीची भिंत करायला आपल्याकडे वेळ लागत नाही.

ही भिंत महाराष्ट्रातल्या एका मुलीने पन्नास वर्षांपूर्वी ओलांडली होती, बुद्धिबळात. 1976 साली मुंबईची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. वय 13. गहजब झाला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, तिथे तिच्या बाजूने निकाल लागला. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनीही सांगितलं की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही. स्पर्धेत तिला त्रास झाला तो झालाच. तरी गुजरात, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल या तीन राज्यांच्या विजेत्यांना तिने हरवलं. रोहिणीच्या दोन्ही बहिणी, वासंती आणि जयश्री, याही अव्वल खेळाडू. वडील ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर. इथेही पट घरातच मांडलेला होता, आणि न्यायालयात जायची वेळ आली तेव्हा घर पाठीशी उभं होतं.

मग करायचं काय? आपल्याकडे व्यावसायिक टूर नाही, पण पार्लर आहेत, कॉलेजच्या स्पर्धा आहेत, मोहल्ल्यातल्या टुर्नामेंट आहेत. पार्लर चालवणारे आपलेच चाचा, भाईजान आहेत. सकाळी अकरा ते चार बहुतेक टेबलं रिकामी असतात. त्या वेळात मुलींना अर्ध्या दरात टेबल द्यायला त्यांचं काय जातं? शिकणाऱ्याने भाडं वाटून भरावं, हरणाऱ्यानेच भरायचं असं नको, एवढा एक नियम केला तरी नव्याला खूप हलकं होईल. कित्येक गावांत शादीखाने आहेत, लग्नसराई सोडली तर कुलूपबंद. तिथल्या एका कोपऱ्यात एक जुनं टेबल ठेवायला जमातीच्या मंडळींनी हरकत घेऊ नये. आया तिथे येऊन बसू शकतात, हवं तर खेळूही शकतात. आणि भावांनो, तुमच्याकडून एकच अपेक्षा आहे. बहीण टेबलाशी उभी असेल तेव्हा तिला शिकवायला धावू नका, मोबाइल काढून व्हिडिओ करू नका. बॉल चुकला तर चुकू दे, तुमचेही चुकतात.

पुढच्या वेळी मोहल्ल्यात पूलची टुर्नामेंट लागेल तेव्हा बॅनर नीट वाचा. ‘खुला गट’ लिहिलं असेल तर आयोजकाकडे जाऊन विचारा, मुलीचं नाव चालेल का, प्रवेश फी किती, सामने किती वाजता संपणार. तो गडबडला, इकडेतिकडे बघू लागला, तर तिथेच थांबा आणि पुन्हा विचारा.